गाठ परत आली, पुढे काय?

(खराडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मानेतली गाठ केमोने विरघळते. वर्ष-सव्वा वर्ष बरे जाते. वजन भरते, माणूस कामावर रुजू होतो, आणि मग एके सकाळी दाढी करताना जबड्याखाली हाताला पुन्हा काहीतरी लागते. अशा घरांत पुढच्या काही दिवसांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘आता त्याला सोसायचे नाही,’ हे एक. ‘आता कशाला हाल करायचे,’ हे दुसरे. दोन्हींमागे माया असते, आणि दोन्ही वाक्ये पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या वैद्यकशास्त्रावर उभी असतात. उलटलेल्या, म्हणजे परत आलेल्या, लिम्फोमावर (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर) आज जे उपचार होतात ते एचआयव्ही असलेल्या माणसालाही करता येतात, आणि योग्य रुग्णात ते जवळजवळ तितकेच फळतात. याचा भक्कम पुरावा २०१६ साली छापून आला. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागतो, हा आजचा विषय आहे.

हे बोलणे खराडीत होते आहे, यालाही अर्थ आहे. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. आता इथे इऑन आयटी पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण मंडळी आहेत. आणि त्या इमारती बांधणारे, झाडणारे, रात्रभर राखणारे लोकही आसपासच्याच वस्त्यांत राहतात. एचआयव्ही दोन्हीकडे आहे. पहिल्याच्या खिशात विम्याचे कार्ड असते, पण ते वापरले तर कंपनीत कळेल ही धास्ती असते. दुसऱ्याकडे कार्ड नसते. एआरटी केंद्राचे, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राचे, हिरवे पुस्तक असते, आणि ते घरात कुठे लपवायचे हा प्रश्न असतो. लिम्फोमा झाला की दोघांच्याही आयुष्यात दोन वेगळे दवाखाने येतात. एचआयव्हीच्या गोळ्या एकीकडे, कॅन्सरचे डोस दुसरीकडे. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत मेट्रो आली, त्यामुळे खराडीहून पुणे स्टेशनजवळच्या ससूनला पोहोचणे सोपे झाले. भोसरीचे एचआयव्हीचे केंद्र मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

भोसरी म्हणताच ‘नारी’ आठवते. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली तिथे सुरू झाली. चेन्नईत भारतातला पहिला एचआयव्ही संसर्ग सापडून तेव्हा सहाच वर्षे झाली होती. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या आजही महाराष्ट्रात आहे, सुमारे चार लाख. २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा मिळून उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला, १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली, २०१७ पासून सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या टी पेशींची संख्या) कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. याचा परिणाम साधा आणि प्रचंड आहे : माणसे जगली. जी माणसे जगली त्यांच्यातल्या काहींना पुढे लिम्फोमा झाला, त्यांच्यातले बरेच केमोने बरे झाले, आणि काहींचा आजार उलटला. उलटलेल्या लिम्फोमाची चर्चा करण्याइतकी माणसे टिकून राहिली, हेच मुळात त्या मोफत गोळ्यांचे यश आहे.

आता मूळ आजाराकडे. एचआयव्ही मारतो प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना. लिम्फोमा मात्र बहुतेक वेळा बी पेशींचा असतो. गाठीतल्या कॅन्सरपेशींत एचआयव्ही सहसा सापडतही नाही. मग संबंध कुठे येतो? बी पेशींचे काम जंतू दिसला की भराभर वाढून प्रतिपिंडे तयार करण्याचे. एचआयव्ही अंगात असला की त्यांना विश्रांतीच मिळत नाही. वर्षानुवर्षे त्या विभागत राहतात आणि प्रत्येक विभागणीत जनुकांमध्ये चूक होण्याची शक्यता असते. त्यात भर एप्स्टाइन-बार विषाणूची. हा विषाणू बहुतेक प्रौढ माणसांच्या बी पेशींत गुपचूप असतोच. त्याच्यावर पहारा टी पेशींचा, आणि त्याच कमी झालेल्या. अमेरिकेत १९८२ पासून असे रुग्ण नोंदवले गेले, आणि १९८५ साली तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने वेगाने वाढणाऱ्या बी पेशींच्या लिम्फोमाला एड्सची व्याख्या करणाऱ्या आजारांत बसवले.

प्रकार अनेक आहेत. सर्वांत जास्त आढळणारा मोठ्या बी पेशींचा पसरट लिम्फोमा, ज्याला रुग्णांच्या फायलीत डीएलबीसीएल म्हणतात. बर्किट लिम्फोमा हा फार वेगाने वाढणारा. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यांत त्याचे वर्णन केले. तो सीडीफोर चांगला असतानाही होऊ शकतो, म्हणून ‘रिपोर्ट उत्तम आहेत’ या आधारावर गाठीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे. तोंडात, हिरड्यांत येणारा प्लाझ्माब्लास्टिक प्रकार १९९७ साली वेगळा ओळखला गेला, आणि तो मुख्यतः एचआयव्ही असलेल्या रुग्णांतच. हॉजकिन लिम्फोमा एड्सच्या व्याख्येत नाही, पण एचआयव्हीसह जगणाऱ्यांना त्याचाही धोका इतरांहून बराच जास्त आहे.

आपल्याकडची आकडेवारी टाटा मेमोरियल रुग्णालयाने मांडली. २००१ ते २००५ या काळात तिथे आलेल्या एचआयव्हीबाधित कॅन्सररुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे प्रमाण स्त्री-पुरुष दोघांतही ठळकपणे वाढलेले होते. पाश्चात्त्य देशांत एड्सची खूण मानला गेलेला कपोसी सार्कोमा हा कॅन्सर मात्र त्यांत आढळला नाही. पुढे ‘नारी’च्या संशोधकांनी पुण्यातल्या बत्तीस हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांच्या नोंदी कॅन्सर नोंदणीशी जुळवून पाहिल्या, तो अभ्यास २०१६ मध्ये आला आणि या लोकसंख्येवर कॅन्सरचे ओझे किती मोठे आहे हे त्यातून समोर आले. दोन वेगळ्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हाच ते दिसले. या अभ्यासाकडे शेवटी परत यावे लागेल.

उलटणे म्हणजे नेमके काय, हे रुग्णाला समजावून सांगायला हवे, कारण त्याच्या मनात बहुतेक वेळा एकच उत्तर असते : ‘माझ्या एचआयव्हीमुळे.’ खरी गोष्ट बरीच गुंतागुंतीची आहे. केमोने कोट्यवधी पेशी मरतात, पण औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी उरल्या तर त्या पुन्हा वाढतात. हे एचआयव्ही नसलेल्या माणसातही अगदी असेच घडते. वेगाने वाढणारे लिम्फोमा उलटायचे असतील तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतात, म्हणून त्या काळात तपासणी चुकवू नये असे सांगतात. आजार पहिल्यांदा सापडला तेव्हा किती पसरलेला होता, मेंदू किंवा मज्जारज्जूच्या द्रवात गेला होता का, यावर बरेच ठरते. एचआयव्हीबाधितांत मेंदूकडे जाण्याचा धोका अधिक असल्याने बऱ्याच रुग्णांना पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेटची इंजेक्शने देतात. ती दुखतात, आणि रुग्ण एखादे चुकवू पाहतात.

एचआयव्हीचा खरा हात दिसतो तो दुसरीकडे. विषाणू आटोक्यात नसेल तर केमोच्या मधल्या दिवसांत संसर्ग होतात, पेशी लवकर भरून येत नाहीत, डोस पुढे ढकलावे लागतात किंवा कमी करावे लागतात. एकवीस दिवसांचे चक्र पस्तीस दिवसांवर गेले की तेवढी सवलत कॅन्सरला मिळते. म्हणजे उलटण्याची बीजे अनेकदा पहिल्या उपचाराच्या ढिलाईत असतात, आणि ती ढिलाई टाळता येण्यासारखी असते.

आता मुद्दा येतो गाठ पुन्हा दिसल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्याचा, आणि प्रस्तुत वक्त्याच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

महाराष्ट्रात मानेत गाठ म्हटली की पहिले नाव टीबीचे येते. ते बरोबरही आहे. आपल्याकडे टीबी खूप आहे, आणि एचआयव्ही असेल तर त्याहून जास्त. पण याच सवयीमुळे पहिल्या वेळी अनेक लिम्फोमांवर केवळ सुईच्या तपासणीवरून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सोबत स्टेरॉइड दिले गेले तर गाठ काही दिवस लहानही होते, कारण स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता आक्रसतो. सगळ्यांना वाटते, औषध लागू पडले. दोन महिन्यांनी खरा आजार दुप्पट जोमाने समोर येतो. दुसऱ्या वेळी चूक उलट्या दिशेने होते. लिम्फोमा एकदा होऊन गेलेला असतो, म्हणून नवी गाठ म्हणजे तोच परत आला असे गृहीत धरले जाते. केमोने प्रतिकारशक्ती खचल्यावर सुप्त टीबी जागा झालेला असू शकतो. एआरटी नुकतीच सुरू केली किंवा बदलली असेल तर सावरणारी प्रतिकारशक्ती जुन्या जंतूवर तुटून पडल्यानेही गाठी सुजतात. वायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, वाढलेला असेल तर निव्वळ त्यानेच गाठी मोठ्या होतात आणि पेट स्कॅनवर लखलखतात. पूर्वी हॉजकिन झालेल्याला आता वेगळ्याच जातीचा लिम्फोमा झालेला असू शकतो. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

म्हणून पेट स्कॅनच्या चित्रावर विसंबून दुसऱ्यांदा केमो सुरू करू नये. शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढून तिची बायोप्सी करावी. पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या रंगचाचण्या कराव्यात, एप्स्टाइन-बार विषाणूचा शोध घ्यावा. आणि एक छोटी, अगदी व्यवहारातली गोष्ट : काढलेली सगळी गाठ फॉर्मालिनच्या बाटलीत टाकली की टीबीचे कल्चर करण्याचा मार्ग बंद होतो, कारण फॉर्मालिन जंतूंना मारते. एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवून तो टीबीच्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चरसाठी पाठवायला हवा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी सर्जनला एवढे नम्रपणे विचारले तरी चालेल. या एका तुकड्यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात.

निदान पक्के झाले की दुसरा जुना गैरसमज डोके वर काढतो : ‘केमो चालू असेपर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या बंद ठेवा.’ हा सल्ला आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ईपॉक या केमोचा जो अभ्यास झाला, आणि २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात एआरटी मुद्दाम थांबवली होती आणि निकाल चांगले आले होते. त्या काळातल्या औषधांचे दुष्परिणामही तसेच होते. भारतात सुरुवातीला मिळणाऱ्या स्टॅव्युडिनने पायांच्या नसा बधिर व्हायच्या, आणि लिम्फोमावरचे विन्क्रिस्टीनही नसांनाच इजा करते. झिडोव्युडिन अस्थिमज्जा दाबते, केमोही तेच करते. त्यामुळे भीती निराधार नव्हती. पण औषधे बदलली. आज सरकारी केंद्रांतून बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी मिळते, आणि डोल्युटेग्राव्हिरचे बहुतेक केमो औषधांशी भांडण नाही. आता एआरटी चालू ठेवूनच केमो देतात.

गोळी अचानक बंद केली तर आणखी एक धोका आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्युडिन ही दोन्ही हिपॅटायटिस बीवरही काम करतात. रुग्णाला सोबत तो आजार असेल, त्यात लिम्फोमावरचे रिटक्सिमॅब दिले आणि या गोळ्या थांबवल्या, तर यकृताचा आजार जिवावर बेतेल इतका उसळू शकतो.

तरीही सगळ्यांना एकच नियम लागत नाही. जुने रुग्ण, ज्यांचा विषाणू पहिल्या औषधांना दाद देईनासा झाला, ते दुसऱ्या लाइनवर असतात. त्यांच्यातल्या काहींच्या गोळ्यांत अटाझानाव्हिर किंवा लोपिनाव्हिरच्या जोडीला रिटोनाव्हिर असते. रिटोनाव्हिर यकृतातले औषध मोडणारे विकर अडवते, त्यामुळे विन्क्रिस्टीन अंगात साठते; हातपाय लुळे पडण्यापर्यंत किंवा आतडी थंडावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर ताण देते, आणि उलटलेल्या लिम्फोमावर वापरले जाणारे सिस्प्लॅटिनही तेच करते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. हे सगळे सांभाळता येते. फक्त त्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरांना रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे माहीत हवे, आणि एआरटी केंद्राला कोणती केमो सुरू आहे हे माहीत हवे. रुग्ण लाजेने एकीकडची गोष्ट दुसरीकडे सांगत नाही. अनेकदा त्याला कुणी विचारतही नाही.

उलटलेल्या लिम्फोमाचा उपचार दोन पायऱ्यांचा असतो. आधी वेगळ्या औषधांची केमो : जेमसायटाबिन, डेक्सामेथासोन आणि सिस्प्लॅटिन यांची जोडणी, किंवा आइस नावाने ओळखली जाणारी दुसरी जोडणी. गाठ त्याने आक्रसली तर पुढची पायरी स्वतःच्याच मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाची. रुग्णाला इंजेक्शने देऊन मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणतात, यंत्राने वेगळ्या करतात, गोठवून ठेवतात. मग मज्जा संपूर्ण नष्ट होईल इतक्या जबर मात्रेत केमो देतात आणि साठवलेल्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत सोडतात. दहा-चौदा दिवसांत पेशी रुजतात. ते दिवस काचेच्या खोलीत, तोंड सोलवटलेल्या अवस्थेत जातात. या पद्धतीने जगण्याची शक्यता वाढते, हे पार्मा नावाच्या चाचणीने १९९५ साली दाखवले : पाच वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण प्रत्यारोपणाच्या गटात ४६ टक्के, नुसत्या केमोच्या गटात १२ टक्के. भारतात पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ च्या मार्चमध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी नोंद आहे.

एचआयव्ही असलेल्यांसाठी मात्र हे दार बराच काळ बंद राहिले. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच तोकडी, त्याची मज्जा मुद्दाम नष्ट करायची, हे कुणाच्या पचनी पडत नव्हते. गेल्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स, इटली आणि अमेरिकेतल्या काही केंद्रांनी धाडस केले आणि रुग्ण तगले. त्यानंतर अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून रीतसर चाचणी घेतली, आणि २०१६ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. एचआयव्ही असलेल्या चाळीस जणांचे प्रत्यारोपण झाले. एक वर्षाने जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८७ टक्क्यांहून थोडे जास्त होते, दोन वर्षांनी ८२ टक्के. मग त्याच प्रकारचा लिम्फोमा असलेल्या पण एचआयव्ही नसलेल्या १५१ रुग्णांशी तुलना केली. त्यांचा वर्षाचा आकडाही ८७ टक्क्यांच्याच घरात. दोन्ही गटांत फरक दाखवता आला नाही.

हे आकडे वाचताना भान ठेवायला हवे. हे चाळीस जण निवडलेले होते. त्यांचा विषाणू उपचाराने आटोक्यात आणता येण्याजोगा होता आणि त्यांच्या गाठी दुसऱ्या केमोला दाद देत होत्या. ज्याची गाठ दुसऱ्या केमोलाही हलत नाही, त्याचे भवितव्य कठीण आहे, एचआयव्ही असो वा नसो. पण निवडीचा निकष काय होता ते पाहावे : गाठ दाद देते का, हृदय-मूत्रपिंड ठीक आहेत का, विषाणू ताब्यात राहील का. एचआयव्हीची नुसती नोंद हा निकष नव्हता. आपल्याकडे मात्र फायलीवर ती नोंद दिसताच प्रत्यारोपणाची गोष्ट काढलीच जात नाही, असे आजही घडते. रुग्णाने विचारावे : ‘मला प्रत्यारोपण का नको, याचे कारण माझी गाठ आहे की माझा एचआयव्ही?’ उत्तर दुसरे आले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. पुण्यातल्या काही मोठ्या रुग्णालयांत आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात प्रत्यारोपणाची सोय आहे.

या विषयावर बोलताना ॲडम कॅस्टिलेहो यांचे नाव टाळता येत नाही. व्हेनेझुएलात वाढलेल्या, लंडनमध्ये राहणाऱ्या या गृहस्थांना २००३ मध्ये एचआयव्हीचे आणि पुढे हॉजकिन लिम्फोमाचे निदान झाले. उपचारांमागून उपचार थकले. २०१६ साली त्यांना दुसऱ्या व्यक्तीच्या मूळ पेशी देण्यात आल्या, आणि दाता असा शोधला की त्याच्या पेशींत सीसीआर-५ हे एचआयव्हीच्या प्रवेशाचे दारच नव्हते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची एआरटी थांबवली, विषाणू परतला नाही. संशोधक रवींद्र गुप्ता यांच्या चमूने मार्च २०१९ मध्ये हे जगापुढे मांडले, तेव्हा कॅस्टिलेहो यांना ‘लंडन पेशंट’ एवढेच नाव होते. वर्षभराने ते स्वतः पुढे आले. जगात एचआयव्हीतून मुक्त झालेली ही दुसरी व्यक्ती, आणि तिला तिथवर नेणारा आजार होता हट्टी लिम्फोमा.

पण या कथेने खोटी आशा पेरली जाऊ नये. लिम्फोमा असलेल्या बॉस्टनच्या दोन रुग्णांनाही दात्याच्या मूळ पेशी दिल्या होत्या, पण दात्यांत सीसीआर-५ नाहीसे करणारे ते विशेष जनुक नव्हते. २०१३ मध्ये गोळ्या थांबवल्यावर काही महिन्यांत दोघांतही विषाणू परतला. तसे जनुक मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते, भारतीयांत ते फारच विरळ. शिवाय दात्याकडून घेतलेले प्रत्यारोपण स्वतःच जिवावर बेतू शकते. ते रक्ताच्या कॅन्सरसारख्या आजारांसाठी करतात, एचआयव्ही घालवण्यासाठी कुणी करत नाही. ‘लंडनला झाले, मग इथे का नाही?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे सांगणारा समुपदेशक हवा.

त्यापुढची पायरी कार-टी पेशींची. रुग्णाच्याच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची बी पेशी ओळखायला शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तो उपचार देशाला अर्पण झाला. उलटलेल्या बी पेशींच्या लिम्फोमासाठीही तो आहे. परदेशी उपचाराच्या सुमारे दशांश किमतीत मिळत असला तरी सामान्य घराला तो झेपणारा नाही. एचआयव्हीच्या संदर्भात यातली एक गोष्ट विलक्षण आहे : टी पेशींत नवे जनुक पोहोचवणारा वाहक म्हणजे निष्प्रभ केलेला, एचआयव्हीच्याच कुळातून घडवलेला विषाणू. त्यामुळे अशा उपचारानंतर एचआयव्हीची जनुकीय चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि उलट बाजूने, रुग्णाच्या एआरटीतली औषधे या वाहकाच्याच कामात अडथळा आणतील का, याचा विचार पेशी काढण्याआधी करावा लागतो. हे अवघड आहे, अशक्य नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉक्टरांनी एचआयव्ही असलेल्या दोन लिम्फोमा रुग्णांना कार-टी दिल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. पण ज्या मोठ्या चाचण्यांवर हे उपचार उभे राहिले, त्यांत एचआयव्हीबाधितांना प्रवेश नव्हता. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये हा मज्जाव उठवावा असे म्हटले, २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनानेही तशी मार्गदर्शिका काढली.

पैशाचा प्रश्न थोडक्यात. डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटक्सिमॅबची देशी आवृत्ती आणली, तेव्हापासून ते औषध आवाक्याच्या जवळ आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात आणि तिची मर्यादा आता दीड लाखावरून पाच लाखांवर नेली आहे. जो उपचाराच्या पलीकडे गेला आहे त्याच्यासाठी वारज्यातले सिप्ला वेदनाशमन केंद्र १९९७ पासून मोफत काम करते. प्रयाससारख्या पुण्यातल्या संस्थेने एचआयव्हीच्या क्षेत्रात १९९४ पासून माणसे जोडली आहेत. मदत आहे, ती शोधायला लागणारा वेळ रुग्णाकडे नसतो.

कायद्याबद्दल मात्र इथल्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्यांनी नीट ऐकावे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्याआधी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीतून काढणे किंवा उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या ठिकाणी वीस किंवा अधिक असतील तर, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. खराडीतल्या किती कंपन्यांत हा अधिकारी कोण हे कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे, याची विचारणा याच आठवड्यात करता येईल. केमोसाठी रजा मागताना कारण काय सांगायचे, या विवंचनेत एक डोस पुढे गेला तर त्याची किंमत वर सांगितली आहेच.

राहिला प्रश्न नोंदीचा. मुंबईत १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीची १९८७ मधली नोंदणी ग्रामीण भागातली पहिली. या नोंदण्या नव्या कॅन्सरची गणती करतात. उलटलेला आजार हा नवा कॅन्सर धरला जात नाही, म्हणून तो त्यांत मोजला जात नाही. एआरटी केंद्राच्या नोंदीत सीडीफोर, वायरल लोड, गोळ्यांचे वेळापत्रक असते. ‘नारी’च्या अभ्यासकांनी या दोन वह्या मागाहून जुळवल्या तेव्हा कॅन्सर दिसले. तशीच जुळणी आता चालू काळात, गोपनीयता राखून व्हायला हवी. पहिली केमो पूर्ण झाली का, डोस किती दिवस पुढे गेले, त्या काळात वायरल लोड काय होता, गाठ परत आली तर बायोप्सी झाली का, प्रत्यारोपणाचा विचार झाला का आणि नाही तर कोणत्या कारणाने, एवढ्या पाच-सहा रकान्यांची भर पुरेशी आहे. पुण्यात विषाणूशास्त्राची जुनी परंपरा आहे, मोठी सरकारी आणि खासगी रुग्णालये आहेत, माहिती सांभाळणारे तंत्रज्ञ तर या सभागृहाच्या आसपासच बसतात. हे काम सुरू करायला आणखी कशाची वाट पाहायची, हे आरोग्य खात्याने आणि महापालिकेने सांगावे.